एकाच स्वीकृतीच्या दोन वेळा : कलम ४ पुन्हा एकदा

नमस्कार. प्रस्ताव आणि स्वीकृती या विषयावरचा मागचा व्हिडिओ आल्यापासून त्याखाली एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जात आहे. स्वीकृतीचे पत्र टपालात गहाळ झाले, प्रस्ताव मांडणाऱ्याला ते मिळालेच नाही, तरी तो बांधला गेला असे तुम्ही कसे म्हणता? बहुतेकांनी हे नम्रपणे विचारले आहे. एका प्रेक्षकाने मात्र 'आधी कायदा वाचा, मग कॅमेऱ्यासमोर बसा' असा सल्ला दिला आहे. सल्ला मानून मी कायदा पुन्हा वाचला. उत्तर बदललेले नाही. म्हणून आजचा जवळजवळ सगळा वेळ भारतीय करार कायदा, १८७२ मधील एकट्या कलम ४ साठी राखून ठेवला आहे.

प्राथमिक गोष्टी झटपट उरकतो, कारण त्या आपणांस ठाऊक आहेत. दुसऱ्याची संमती मिळावी या हेतूने एखादी गोष्ट करण्याची किंवा न करण्याची आपली तयारी त्याला कळवणे हा प्रस्ताव, आणि त्याने दिलेली संमती ही स्वीकृती. दुकानात मांडून ठेवलेली वस्तू हा प्रस्ताव नव्हे, ते प्रस्तावाचे आमंत्रण असते. कलम ७ प्रमाणे स्वीकृती संपूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. 'मान्य आहे, पण' असे उत्तर हा प्रतिप्रस्ताव होतो आणि त्याने मूळ प्रस्ताव संपतो. १८४० च्या हाइड विरुद्ध रेंच या इंग्लंडमधील खटल्यात हेच झाले. १,००० पौंडांना देऊ केलेल्या शेतजमिनीसाठी खरेदीदाराने ९५० पौंड देऊ केले, ते नाकारले गेल्यावर तो १,००० द्यायला तयार झाला, पण तोवर स्वीकारायला प्रस्तावच उरला नव्हता. पुढे जाऊ.

कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की स्वीकृतीचे पत्र प्रस्तावकाच्या हाती पडताच स्वीकृती पूर्ण होते. उत्तरपत्रिका परत मिळाली तेव्हा त्या वाक्याखाली लाल शाईची रेघ होती आणि समासात एकच शब्द लिहिलेला होता : 'कोणाविरुद्ध?' त्या एका शब्दात संपूर्ण कलम ४ सामावलेले आहे हे कळायला मला आणखी एक सत्र लागले. तेव्हा आपण चुकत असाल, तर चांगल्या संगतीत चुकत आहात.

कलम ४ असे सांगते की स्वीकृती कळवण्याची क्रिया प्रस्तावकाविरुद्ध पूर्ण होते ती स्वीकृती त्याच्याकडे रवाना होऊन स्वीकारणाऱ्याच्या हाताबाहेर जाते तेव्हा, आणि स्वीकारणाऱ्याविरुद्ध पूर्ण होते ती प्रस्तावकाला कळते तेव्हा. येथे 'विरुद्ध' या शब्दात भांडण नाही. कोण केव्हा बांधला जातो एवढाच त्याचा अर्थ आहे. कायद्यातले उदाहरण घराच्या विक्रीचे आहे. अ पत्राने घर विकण्याचा प्रस्ताव पाठवतो, ब टपालाने स्वीकृती पाठवतो. ब चे पत्र पेटीत पडले त्या क्षणी अ बांधला गेला. ते पत्र अ ला मिळेल त्या क्षणी ब बांधला जाईल. सोमवारी पत्र पेटीत पडले आणि गुरुवारी पोहोचले, तर सोमवार ते गुरुवार एक पक्ष बांधलेला आणि दुसरा मोकळा, अशी ही विलक्षण स्थिती आहे. पत्र वाटेत हरवले तरी अ चे बांधले जाणे त्याने सुटत नाही, कारण ते सोमवारीच घडून गेलेले आहे. अर्थात पत्त्याची चूक ब ने केली असेल तर हा लाभ त्याला मिळत नाही.

हे पटत नसेल तर उलट बाजूने पाहू. कलम ५ विचारते की माघार केव्हापर्यंत घेता येते. प्रस्ताव मागे घेण्याची मुदत ब पत्र पेटीत टाकतो त्या क्षणापर्यंत असते. स्वीकृती मागे घेण्याची मुदत ते पत्र अ ला मिळते त्या क्षणापर्यंत असते. म्हणजे ब ने सोमवारी स्वीकृती पाठवून बुधवारी तारेने 'स्वीकृती रद्द' असे कळवले आणि तार पत्राच्या आधी पोहोचली, तर ब सुटला. आपली तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, तरी परीक्षेतील प्रश्नांत ती अजून वेळेवर पोहोचते. इंग्लंडच्या टपाल नियमाने, सर्वसाधारण समजुतीप्रमाणे, पत्र पेटीत पडताच दोघेही बांधले जातात. अर्धेअधिक गोंधळ येथेच होतो, कारण आपण इंग्लंडचे खटले वाचून आपल्या कलमाचे उत्तर लिहितो.

आणि तरीही त्या खटल्यांवाचून नियमामागचे कारण कळत नाही. ॲडम्स विरुद्ध लिंडसेल, १८१८. लोकरीच्या व्यापाऱ्यांनी २ सप्टेंबर १८१७ रोजी पत्राने लोकर देऊ केली आणि उत्तर टपालाने मागितले. गाव ब्रॉम्सग्रोव्ह होते, पण पत्त्यावर जिल्हा चुकीचा लिहिला गेला, त्यामुळे पत्र ५ तारखेच्या संध्याकाळी पोहोचले. घेणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी होकार टपालात टाकला, तो ९ तारखेला पोहोचला. विक्रेत्यांनी मात्र उत्तराची वाट पाहून ८ तारखेलाच लोकर दुसऱ्याला विकली होती. न्यायालय म्हणाले की करार ५ तारखेलाच झाला. होकार मिळाला की नाही हे कळेपर्यंत एक बाजू बांधलेली नसेल, तर होकार मिळाल्याची पोच दुसऱ्याला मिळेपर्यंत तीही बांधलेली नसेल, मग त्या पोचेची पोच, आणि या साखळीला शेवट नाही. कोठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ती टपालाचा मार्ग निवडणाऱ्याच्या पदरात धोका टाकून ओढली आहे. मला हे न्याय्य वाटते.

तिसऱ्या बाजूने पाहायचे तर बर्न विरुद्ध फान टिनहोव्हन, १८८०. कार्डिफहून न्यूयॉर्कला १ ऑक्टोबर रोजी कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या १,००० पेट्यांचा प्रस्ताव निघाला, ८ तारखेला तो रद्द करणारे पत्र निघाले, ११ तारखेला प्रस्ताव पोहोचला आणि त्याच दिवशी तारेने स्वीकारला गेला, आणि रद्द करणारे पत्र पोहोचले २० तारखेला. आठव्या दिवशी विक्रेत्याचे मन बदललेले होते, हे निर्विवाद आहे. पण माघार ज्याला कळवायची त्याला ती कळल्याशिवाय त्याच्याविरुद्ध पूर्ण होत नाही, म्हणून करार टिकला. आपल्या कलम ४ मध्येही माघारीसाठी अशीच दोन वेळांची विभागणी आहे. पुन्हा तोच लाल शाईतला प्रश्न.

येथे 'मौन म्हणजे संमती' असे लिहिणाऱ्यांना एक उत्तर देणे भाग आहे, कारण ही म्हण मला प्रत्येक व्हिडिओखाली भेटते. १८६२ च्या फेल्टहाउस विरुद्ध बिंडली खटल्यात काकाने पुतण्याला लिहिले की काही कळले नाही तर घोडा माझाच असे मी समजेन. पुतण्याच्या मनात होकार होता. त्याने लिलाव करणाऱ्याला घोडा वगळायलाही सांगितले होते, पण काकाला उत्तर पाठवले नाही. लिलावात घोडा चुकून विकला गेला आणि काकाचा दावा फेटाळला गेला. मनातली स्वीकृती कोणाकडे रवानाच होत नाही, तर ती हाताबाहेर जाणार कशी? दुसऱ्याच्या गप्प बसण्यावर करार लादण्याची मुभा कायदा प्रस्तावकाला देत नाही.

आता दूरध्वनी. कायदा १८७२ चा, बेल यांना दूरध्वनीचे पेटंट मिळाले १८७६ मध्ये. खामगावच्या जिनिंग कारखान्याशी अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी दूरध्वनीवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. प्रस्ताव अहमदाबादहून गेला, होकार खामगावहून आला, आणि वाद निर्माण झाला तो दावा अहमदाबादच्या न्यायालयात चालेल का याचा. भगवानदास केडिया खटल्यात (१९६६) सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की समोरासमोर बोलल्याप्रमाणेच येथेही होकार ऐकू आला तेथे, म्हणजे अहमदाबादला, करार झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदवले : कलम ४ चे शब्द दूरध्वनीलाही पुरेसे व्यापक आहेत आणि होकार उच्चारताच तो बोलणाऱ्याच्या हाताबाहेर जातो. कलमाच्या शब्दांशी त्यांचे म्हणणे अधिक प्रामाणिक आहे असे माझे मत आहे. व्यवहाराच्या सोयीचे बहुमत आहे, आणि कायदा म्हणून तेच पाळायचे.

'हा प्रस्तावकावर अन्याय आहे' असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की लेखणी त्याच्याच हातात असते. कलम ६ प्रमाणे तो मुदत घालू शकतो, कलम ७ प्रमाणे स्वीकृतीची रीत ठरवून देऊ शकतो. मी स्वतः कोणताही प्रस्ताव ई-मेलने पाठवताना एक वाक्य न चुकता लिहितो : 'आपली लेखी स्वीकृती अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे पोहोचल्यावरच करार झाला असे मानले जाईल.' असे वाक्य असेल तर पत्र कोठे हरवले याची चिंता पाठवणाऱ्याने करायची.