बारी शोधताना

नकाशावर पट्टी ठेवली तर सुरतेहून वणी दीडशे किलोमीटरच्या आत भरते. मग महाराज सुरत लुटून निघाले ते तडक दक्षिणेला, डांग आणि सुरगाण्याकडे न वळता पूर्वेला बागलाणातल्या मुल्हेरपर्यंत का आले? हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला. शाळेत भूगोल शिकवत होतो तेव्हा पडायला हवा होता, पण तेव्हा परीक्षेचे पेपर तपासायचे असायचे.

गोष्ट १६७० ची, दुसऱ्या सुरत लुटीची. ३ ऑक्टोबरला मराठी फौज शहरात शिरली, ५ तारखेला बाहेर पडली. लुटीचा आकडा मोगलांच्या चौकशीत ६६ लाख रुपये निघाला. १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या टापूत मोगल सरदार दाऊदखानाशी गाठ पडली. मधले बारा दिवस ही फौज आपल्या खानदेशी भागातून चालत होती. 'आपल्या' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. बागलाण आज नाशिक जिल्ह्यात आहे, पण १८६९ मध्ये तो जिल्हा होईपर्यंत ते खानदेश जिल्ह्यातच होतं.

कागदपत्रांत या बारा दिवसांची ठिकाणं फार थोडी सापडतात. मुल्हेर येतं, बखरीत कंचन-मंचनचा घाट, म्हणजे कांचनबारी, येतो, वणी आणि दिंडोरी येतात. मधली जागा आपण भरायची. मोबाइलला विचारलं तर तो डांबरी रस्ता दाखवतो, कारण त्याला गाडी कुठून जाईल एवढंच कळतं. १६७० मध्ये सोनं-नाणं, मोती, कापड लादलेली घोडी चालत होती, आणि पाऊस नुकताच सरलेला. ओढ्यांना पाणी, काळ्या मातीत चिखल. अशा वेळी जवळची वाट आणि सोयीची वाट एक नसते.

म्हणून मी रस्ते बाजूला ठेवले आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी (१:५०,००० प्रमाणाच्या) शीट्स काढल्या. त्यांवर वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असतात. इथे पहिली गंमत झाली. ७४ अंश रेखांश नेमका साल्हेर आणि मुल्हेर यांच्यामधून जातो, त्यामुळे साल्हेर ४६ एच क्रमांकाच्या शीटमध्ये आणि मुल्हेर ४६ एल मध्ये. दोन कागद जेवणाच्या टेबलावर जोडून मांडले, तेव्हा घरात बोलणी खाल्ली, पण डोंगर एकसंध दिसले.

आणि दिसलं काय, तर शिडी. उत्तरेकडून मोजा. शेलबारीची रांग, मग डोलबारीची रांग, मग सातमाळा. तिन्ही साधारण पूर्व-पश्चिम पसरलेल्या. शेलबारीच्या उत्तरेला पांझरेचं खोरं, शेलबारी आणि डोलबारीच्या मध्ये मोसम नदी, डोलबारीच्या दक्षिणेला आरम आणि गिरणा. म्हणजे पिंपळनेरच्या बाजूने आलेल्या माणसाला दक्षिणेला जायचं तर प्रत्येक पायरी ओलांडावी लागते. ती हवी तिथे ओलांडता येत नाही. जिथे बारी असेल तिथेच.

हा शब्द जरा थांबून बघा. शेलबारी, डोलबारी, कांचनबारी, नवापूरकडून साक्रीला येताना कोंडाईबारी, मोसमेवरचं हरणबारी धरण. पुण्याकडचा माणूस खिंड म्हणेल, घाट म्हणेल. आपल्याकडे बारी. ताहाराबादजवळ एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं, बाबा, बारी आणि पायवाट यांत फरक काय? तो म्हणाला, "जठून बैल जास ती बारी, जठून मानूस जास ती पायवाट." माझ्या तीन महिन्यांच्या अभ्यासाचं काम त्याने एका वाक्यात केलं. त्यानंतर मी नकाशावर माणसाची वाट शोधणं सोडलं आणि लादलेल्या जनावराची शोधू लागलो.

त्या नजरेने पाहिलं तर सुरतेहून मुल्हेरला यायला दोन मार्ग उरतात. एक डांगातून बाभुळण्याच्या बाजूने वर चढणारा. अंतराने कमी, पण साग-बांबूचं रान आणि नाल्यामागून नाला. दुसरा नवापूर, चरणमाळ, पिंपळनेर, शेलबारी, ताहाराबाद असा वळसा घेऊन मोसमेच्या काठाने मुल्हेरला. माझा कौल दुसऱ्याला आहे. चढ टप्प्याटप्प्याने येतो, खोरी मोकळी आहेत, चारा-पाणी आहे. या मार्गाने कांचनबारीपर्यंत सगळं मिळून अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरतं. बारा दिवसांत रोजचे वीस-एकवीस, लादलेल्या जनावराला पेलणारी चाल. अर्थात अंतरावरून निकाल लागत नाही, डांगाची वाटही या हिशेबात बसते. निकाल चढावर आणि चाऱ्यावर.

अवकाशातून मोजलेल्या उंचीच्या आकडेवारीवर मी आधी फार भरवसा ठेवला होता. २००० साली अमेरिकी अंतराळयानाने केलेल्या मोजणीतून ती तयार झाली आहे आणि तिचा एक चौकोन साधारण तीस मीटरचा. दहा-बारा मीटर रुंदीची बारी त्या चौकोनात पुसट होते. संगणकाने मला दोनदा कड्यावरून रस्ता काढून दिला, आणि एकदा हरणबारीच्या जलाशयातून. धरणाखाली गेलेल्या वाटा मैलाला एक इंच प्रमाणाच्या जुन्या नकाशांवरच बघाव्या लागतात.

संगणकाचा खरा उपयोग झाला तो चंद्रासाठी. दाऊदखानाच्या फौजेत भीमसेन सक्सेना नावाचा माणूस होता, त्याने आठवणी लिहून ठेवल्या आहेत. रात्री कूच झालं, चंद्र मावळला आणि अंधारात फौज विखुरली, असं तो सांगतो. मी सांगितलेल्या तारखा इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाच्या, आजच्यापेक्षा दहा दिवस मागे. ते दहा दिवस मिळवले की १७ ऑक्टोबर येतो कार्तिक शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास. म्हणजे चंद्र जवळजवळ भरलेला आणि मावळणार तो पहाटे. भीमसेनाचा अंधार उजाडायच्या आधीचा थोडाच वेळ होता. दहा दिवस मिळवायला विसरलात तर चंद्र संध्याकाळीच बुडतो आणि सगळी हकिकत उलटीपालटी होते. मी पहिल्यांदा विसरलो होतो.

राहिला शेवटचा टप्पा. ही लढाई कुणी कांचनबारीची म्हणतं, कुणी दिंडोरीची. कांचनापासून दिंडोरी तीस किलोमीटरहून जास्त आहे, मग लढाई एकाच जागी झाली असं मानायचं का? मला वाटतं, नाही. लूट पुढे काढून द्यायची आणि मागे बारी धरून शत्रूला अडवायचं, अशी लढाई सरकत जाते. कांचन आणि दिंडोरी ही तिचीच दोन टोकं.

यंदा कार्तिकात त्रयोदशीच्या रात्री मुल्हेरहून निघून कांचनबारीपर्यंत टप्प्याटप्प्याने चालायचा विचार आहे. माणसं तयार आहेत. अडलंय ते दोन तट्टांपाशी, पाठीवर मण-दीड मण ओझं घेऊन चढणारी हवीत. कुणाच्या माहितीत असतील तर कार्यक्रम संपल्यावर मला गाठा.