स्लॅबच्या दिवशी ‘थांबा’ कोणी म्हणायचं?

मंडळी, गावात घर बांधायला काढलं की पाया खोदणारे वेगळे, जोडाईचा मिस्त्री वेगळा, स्लॅबखालचा तात्पुरता साचा आणि आधार (सेंट्रिंग) उभा करणारा सेंट्रिंगवाला शेजारच्या गावचा, आणि मिक्सरची टोळी तर एका दिवसापुरतीच येते. जो तो आपल्या कामात पक्का असतो. धोका लपतो तो दोन टोळ्यांच्या मधे. एकाने उभं केलेल्या आधारावर दुसरा वजन टाकतो, आणि दोघांची गाठही पडलेली नसते. ‘सुरक्षितता सगळ्यांची जबाबदारी’ हे बरोबरच आहे, पण वावराला धुरा असतो तशी तिची हद्द ठरवावी लागते. कोणती गोष्ट कोणी पाहायची आणि काम कोणी थांबवायचं, हे नावानिशी ठरलं पाहिजे.

स्लॅबचंच घ्या. घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. तेवढ्यावर ५ इंची स्लॅब धरला तर नुसतं काँक्रीटच पावणेआठ टन होतं. कापसाच्या हिशेबात सांगायचं तर ७८ क्विंटल. शिवाय सळई, माणसं, काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर. काँक्रीट स्वतःच्या बळावर उभं राहीपर्यंत हे सगळं बल्ल्यांवर, म्हणजे खालच्या उभ्या लाकडी टेकूंवर असतं.

म्हणून बल्लीच्या डोक्याआधी तिचा पाय पाहा. जोत्यातला मुरमाचा भराव थराथराने पाणी मारून ठोकलेला नसेल, तर बल्ली त्यात उतरते. ओसरीच्या बाजूला बल्ली काळ्या मातीवर असते. तिथेच मिक्सर धुतल्याचं पाणी साचतं आणि सकाळी टणक लागलेली जमीन दुपारी लोण्यासारखी होते. एक बल्ली अर्धा इंच खचली की तिचा भार शेजारच्या दोघींवर जातो. मग त्यातली कच्ची असेल ती वाकते. पायाखाली जाड, रुंद फळी हवी. उंची कमी पडली म्हणून विटांची चळत लावणं वाईटच. बल्लीचा भार एका टोकावर आला की वीट उभी चिरते.

आदल्या संध्याकाळी सेंट्रिंगवाला, मिस्त्री आणि मिक्सरचा मुकादम या तिघांनी स्लॅबखालून सोबत फिरायचं. प्रत्येक बल्ली हाताने हलवून बघायची. ती ओळंब्यात आहे का, तिच्याखाली ठोकलेली पाचर खिळ्याने पक्की आहे का, मधल्या उंचीवर दोन्ही दिशांनी आडव्या बल्ल्या बांधल्या आहेत का, तिरकस आधार (कैच्या) आहेत का? जोड दिलेली बल्ली दिसली तर ती बदला. मुकादमाला हे नीट माहीत असलं, तर दुसऱ्या दिवशी तो एकाच जागी मालाचा ढीग पाडणार नाही. ५ इंचांच्या जागी २ फुटांचा ढीग म्हणजे तिथे जवळपास पाचपट भार. माल पडेल तसा पसरत न्यायचा.

घरमालकाचं काम पैशाशी बांधलेलं आहे. सेंट्रिंगवाल्याचा शेवटचा हप्ता स्लॅब पूर्ण पडल्यावरच द्या, म्हणजे तो त्या दिवशी हजर राहील. त्याने बाहेरच्या कडेला उभं राहून नजर ठेवायची. पाचर सैल दिसली तर आधी वरचा माल थांबवायचा, मगच दुरुस्ती. माल पडत असताना कोणीही खाली जायचं नाही. ‘काहून थांबवलं?’ असं मालकानेच डाफरलं, की पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

छज्ज्याची गोष्ट निराळी. त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. घमेलं घेऊन माणसं तिच्यावरून चालली की ती खाली दबते, वरून काही कळत नाही, आणि ठेपे (खालचे टेकू) काढल्यावर छज्जा कोसळतो. सळईखाली तिला उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळईच्या खुर्च्या आणि चालायला फळ्या हव्यात. हे पाहणं मिस्त्रीचं काम, सळई बांधणाऱ्यावर ढकलायचं नाही.

हेल्मेटबद्दल बोलताना एक गोष्ट सोयीस्कर विसरली जाते. डोक्यावर चुंबळ ठेवून घमेलं वाहणाऱ्या रेजाला (मजूर बाईला) हेल्मेट घालताच येत नाही. म्हणून तिची वाट परांचीखालून जाऊ द्यायची नाही. ती वाट ठेकेदाराने दोरी बांधून आखून द्यायची, आणि वर काम करणाऱ्याने वीट किंवा थापी कडेला ठेवायची नाही.

वीज. सळई सरळ आली तर ४० फुटी असते. दोघं जण ती फिरवतात तेव्हा लक्ष हातातल्या भागाकडे असतं, टोकाकडे कोणाचंच नसतं. घराजवळून ११ केव्हीची लाइन जात असेल, तर सळई रस्त्यावरच कापून आत आणा. लाइनपासून अंतर कमी वाटलं तर मालकाने काम सुरू होण्याआधीच महावितरणकडे अर्ज द्यावा. आकड्यावर मिक्सर किंवा पंप चालवू नका. काडी खोचून सॉकेटमध्ये घातलेल्या उघड्या तारा तर नकोच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच लावा, आणि त्याचं टेस्ट बटण रोज सकाळी दाबून पाहा.

खोदाईबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात. खड्ड्याची भिंत सरळ उभी दिसते आणि भेगेवरून फळीसारखी सुटते. एक ब्रास (१०० घनफूट) माती साडेचार-पाच टन भरते. ५ फुटांपेक्षा खोल गेलात तर बाजूला उतार द्या किंवा फळ्यांचा आधार लावा. निघालेली माती कडेपासून निदान ५ फूट लांब टाका, आणि शिडी खड्ड्यातच राहू द्या.

एप्रिल-मे महिन्यात काम सकाळी ६ ला सुरू करा आणि दुपारी उंचावर कोणाला चढवू नका. माणूस बरळायला लागला, अंग तापलं, तर सावलीत नेऊन पाणी ओता आणि १०८ ला फोन लावा.

आता सेंट्रिंग काढणं. सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटांचं भाडं दिवसावर असतं, म्हणून घाई होते. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) साध्या (ओपीसी) सिमेंटवर साडेचार मीटर गाळ्यापर्यंतच्या स्लॅबचे ठेपे ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस ठेवायचे. ६ मीटरपर्यंतच्या बीमलाही १४ दिवस. गावात बहुधा राख मिसळलेलं, हळू घट्ट होणारं पीपीसी सिमेंट मिळतं, त्याला याहून जास्त दिवस द्या. तारीख मिस्त्रीने भिंतीवर खडूने लिहावी. दोन्ही बाजूंनी टेकलेल्या स्लॅबचे ठेपे मधून भिंतीकडे काढत जायचे. छज्ज्याचे मात्र मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे.