उद्यान एक्स्प्रेस परत आल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

आमची एक विद्यार्थिनी तीन वर्षांपूर्वी उद्यान एक्स्प्रेसनं बंगळुरूहून सोलापूरला परत आली. एकटीनं केलेला तिचा तो पहिलाच लांबचा प्रवास. दुसऱ्या दिवशी मी पूर्व भागातल्या त्यांच्या घरी गेले. आई दारातच बिड्या वळत बसलेली. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटांना क्षणाची उसंत नाही. लेक शेजारी बसून सांगत होती, हॉल केवढा मोठा होता, बायका किती होत्या, आणि सगळ्या कॉम्प्युटरमधल्या! आईनं हात न थांबवता तेलुगूत विचारलं, "मग त्यातली आता कोण बोलते का तुझ्याशी?" इतकी वर्षं या शहरात राहून तेवढं तेलुगू मला कळतं.

लेक गप्प झाली. माझ्याकडंही उत्तर नव्हतं.

ती ज्या परिषदेला गेली होती तिचं नाव ग्रेस हॉपर सेलिब्रेशन. संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांची ही परिषद अनिता बोर्ग आणि टेली व्हिटनी या दोघींनी 1994 साली अमेरिकेत, वॉशिंग्टनला सुरू केली. भारतात ती पहिल्यांदा 2010 साली बंगळुरूला भरली. पण श्रोतेहो, त्या माउलीच्या प्रश्नानंतर मी या परिषदेचा इतिहास पुन्हा चाळला, तेव्हा एक गोष्ट नव्यानं लक्षात आली. परिषदेच्या आधी सात वर्षं गट होता.

झालं असं की 1987 साली अनिता बोर्ग ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या, म्हणजे विंडोज, लिनक्ससारख्या कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामवरच्या, एका परिषदेला गेल्या होत्या. सगळीकडं पुरुषच. बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या एकमेकींना भेटल्या त्या बायकांच्या स्वच्छतागृहात, आणि मग मिळून जेवायला गेल्या. उठताना त्यांना वाटलं, हे बोलणं इथंच सुटू नये. म्हणून अनिताबाईंनी ईमेलवर एक गट केला, नाव ठेवलं सिस्टर्स, पण स्पेलिंगमध्ये पहिल्या आयऐवजी वाय. सिस्टिम आणि सिस्टर हे दोन शब्द त्यात एक झालेले. कुणाची नोकरीतली अडचण, कुणाचा प्रोग्राम अडलेला, सगळं तिथं बोललं जायचं, आणि गटातलं गटातच राहायचं. 1992 साली बोलक्या बार्बी बाहुलीच्या तोंडी 'गणिताचा तास अवघड असतो' अशा अर्थाचं वाक्य आलं, तेव्हा निषेध करणाऱ्यांत या बायका होत्या. कंपनीला ते वाक्य काढावं लागलं. एकमेकींची अशी सवय लागलेल्या बायका त्या गटात होत्या. परिषद भरली ती त्यानंतर.

आम्ही मात्र उलट्या टोकानं सुरुवात केली होती. आधी मुलीला परिषदेला पाठवलं आणि ती आल्यावर घाईघाईनं व्हॉट्सॲपवर गट काढला. तीन दिवस नुसता पाऊस पडला मेसेजचा. मग उरली सकाळची फुलं आणि सुविचार. मग तेही थांबलं. एका मुलीनं रात्री विचारलं होतं, "लिनक्स टाकताना लॅपटॉपवरचं विंडोज गेलं, आता काय करू? लॅपटॉप भावाचा आहे." चार दिवस कुणी उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी ती गटातून बाहेर पडली. तो मेसेज मी वाचला होता. कुणीतरी सांगेल, असं मला वाटलं. प्रत्येकीलाच तसं वाटलं होतं.

गट कसा चालवायचा ते शेवटी आम्ही भिशीकडून शिकलो. भिशीत हप्ता सगळ्यांचा आणि पाळी प्रत्येकीची. तसंच केलं. दर आठवड्याला एकीची पाळी. तिनं पाहायचं, की आलेला प्रश्न उत्तराशिवाय रात्र काढणार नाही. तिला स्वतःला उत्तर यायलाच हवं असं नाही. "मला येत नाही, उद्या सरांना विचारून सांगते," एवढं लिहिलं तरी विचारणारीला धीर येतो.

दुसरी अडचण नंबरची. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. गटात कुणीतरी कुणालातरी घेतलं आणि एका मुलीला अनोळखी मेसेज यायला लागले. वडिलांनी फोनच काढून घेतला. आता आम्ही टेलिग्रामवर आहोत. तिथं नंबर झाकता येतो, फोटो लावायची सक्ती नाही. नवीन मुलगी गटात येते ती जुन्या दोघींनी ओळख दिल्यावरच. वेळ ठेवली रात्री साडेनऊनंतरची, कारण बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तोवर तो मोकळा होतो. पालकांना माझं एवढंच सांगणं आहे, तो तासभर फोन मुलीला निश्चिंत मनानं द्या.

आणि भाषा. यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे. सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही ऐकू येतात, पण कॉम्प्युटरचा प्रश्न विचारायची वेळ आली की मुली इंग्रजी जुळवत बसतात आणि जुळलं नाही की गप्प राहतात. ज्या ग्रेस हॉपरबाईंचं नाव या परिषदेला आहे, त्या अमेरिकन नौदलातल्या अधिकारी आणि गणितज्ञ. 1952 साली त्यांनी कंपायलर बनवला, म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. नंतर त्या धरून बसल्या की प्रोग्राम साध्या इंग्रजी शब्दांत लिहिता आला पाहिजे. यंत्राला इंग्रजी कळत नाही, हे उत्तर त्यांना ऐकावं लागलं. त्यांनी तर तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही करून दाखवला, आणि वरिष्ठ दचकले. माणसाला सुचेल त्या शब्दांत यंत्राशी बोलता यावं, ही त्या बाईंची धडपड होती. मग आमच्या मुलींनी एकमेकींशी तरी आपल्या भाषेत का बोलू नये? आता गटात व्हॉइस नोट येतात, 'लूप' आणि 'पॉइंटर' इंग्रजीत, बाकी सगळं घरातलं.

परिषदेला जाणारीचं कामही ठरलेलं आहे. जाण्याआधी बाकीच्यांचे प्रश्न वहीत लिहून घ्यायचे. तिथं ऐकलेल्या भाषणांची टिपणं मराठीत करायची, परतीच्या गाडीतच, आठवण ताजी असताना. गेल्या खेपेला एकीनं कंपनीच्या स्टॉलवर आमचा प्रश्न विचारला होता: मध्ये दोन वर्षं शिक्षण सुटलेलं असेल तर अर्जात कसं लिहावं? उत्तर आलं, लपवू नका, त्या काळात काय शिकलात ते लिहा. ते टिपण गटातल्या प्रत्येकीनं जपून ठेवलं आहे. आणि कुणाच्या घरून परवानगी मिळत नसेल, तर आधी जाऊन आलेलीची आई त्या घरी फोन करते. माझ्या दहा फोनांनी होत नाही ते तिच्या एका फोननं होतं.

गेल्या बुधवारी रात्री पावणेदहाला मंगळवेढ्याच्या एका पहिल्या वर्षाच्या मुलीचा प्रश्न आला. प्रोग्राम चालतो, पण उत्तर दर वेळी एकनं कमी येतं. दहा मिनिटांत तिला व्हॉइस नोट आली. पाठवणारी तीच, उद्यान एक्स्प्रेसनं आलेली. आता ती घरूनच एका कंपनीचं काम करते. लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्रामचा भाग, शून्यापासून सुरू होतो की एकपासून, आणि थांबतो नेमका कुठं, ते तिनं सावकाश समजावून सांगितलं. मागून तिच्या आईचा आवाज येत होता, ती मुलगी जेवली का विचार म्हणून.