‘कॉमर्स’चे कैदी : सहारा, १८१५

आफ्रिकेचा हा पश्चिम किनारा. इथे समुद्राच्या पोटातलं थंड पाणी वर येतं आणि त्यावरची दमट हवा निवून दाट धुकं धरतं. शिवाय कॅनरी प्रवाह जहाजाला सतत दक्षिणेकडे ओढत असतो. ऑगस्ट १८१५ मध्ये जिब्राल्टरहून केप व्हर्दे बेटांकडे मीठ भरायला निघालेलं ‘कॉमर्स’ हे अमेरिकन जहाज इथेच फसलं. धुक्यामुळे वाटेतली कॅनरी बेटं दिसलीच नाहीत. कप्तान जेम्स रायलीचा अंदाज चुकला आणि २८ ऑगस्टच्या रात्री केप बोहादोर या भूशिराजवळ जहाज किनाऱ्यावर आदळलं.

किनाऱ्यावरच्या लोकांशी चकमक झाली, त्यात एक जण मारला गेला. उरलेले अकरा जण होडीतून पुन्हा समुद्रात शिरले. होडीचे सांधे उघडले होते; पाणी उपसणं थांबलं की ती भरत असे. प्यायचं पाणी इतकं कमी की स्वतःचं मूत्र बाटल्यांत साठवून प्यावं लागलं. सुमारे नऊ दिवसांनी ते केप बार्बासजवळ किनाऱ्याला लागले. तिथे उभे कडे, वर ओसाड पठार, पाण्याचा थेंब नाही. १० सप्टेंबरला ते स्वतःहून भटक्या अरबांच्या हाती गेले, कारण विहिरी कुठे आहेत हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

अरबांनी त्यांना गुलाम केलं. गुलामांना उंटाच्या मदारीमागे, खोगिराविना बसवत. मांड्या सोलून निघत, उघडी पाठ उन्हानं भाजून निघे. मिळालं तर उंटिणीचं पाणी घातलेलं दूध, नाहीतर गोगलगायी. उंट कापला, तेव्हा त्याच्या जठरातलं हिरवट पाणीही त्यांनी प्यायलं.

सुटका झाली ती एका व्यवहारातून. सिदी हमेत नावाच्या व्यापाऱ्याला रायलीनं सांगितलं, मोगादोरमध्ये (मोरोक्कोतलं बंदर, आजचं एसाविरा) माझा मित्र आहे, तो खंडणी भरेल. असा मित्र नव्हताच. सिदी हमेतनं आपला माल देऊन पाच जणांना विकत घेतलं आणि बजावलं, खोटं निघालं तर गळा चिरेन. मोगादोरजवळ आल्यावर रायलीनं तिथल्या कोणत्याही परदेशी वाणिज्यदूताला किंवा ख्रिस्ती व्यापाऱ्याला उद्देशून चिठ्ठी लिहिली. ती विल्यम विल्शर या इंग्रजाच्या हाती पडली. त्यानं रायलीला कधी पाहिलंही नव्हतं, तरी ९२० डॉलरची हमी घेतली, कपडे, अन्न आणि खेचरं पाठवली.

७ नोव्हेंबरला पाचही जण मोगादोरला पोहोचले. एरवी १०९ किलोंचा रायली तेव्हा जेमतेम ४१ किलोंचा उरला होता. बाकीचे सहा अजून वाळवंटातच होते. त्यांतल्या आर्चिबाल्ड रॉबिन्सला सुटायला दीड वर्षाच्या आसपास काळ गेला.