रात्री अडीचचा फोन

नमस्कार मंडळी. मी हेल्पलाइनवर समुपदेशक आहे, बहुतेक रात्रपाळीच असते माझी, आज त्याच कामाबद्दल बोलायचंय. पण आधी एक नंबर घ्या, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, 14416. एक, चार, चार, एक, सहा. सरकारची टेली-मानस सेवा, म्हणजे मनाच्या त्रासात फोनवर मदत देणारी, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे समजूत घालायची, मन घट्ट करा, पोराबाळांकडे बघा. अजिबात नाही हो! मन घट्ट कर हे त्याला आधीच घरादारातले दहा जण सांगून मोकळे झालेले असतात. आम्ही ऐकतो, आणि मग सरळ विचारतो.

एक फोन सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. कापसाचा हंगाम, रात्रीचे अडीच. "ताई, झोप येत नाही." एवढंच बोलला. मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज, म्हणजे माणूस शेतात, लाइट रात्रीची म्हणून पाणी द्यायला आलेला. शेतीला लाइट दिवसाच पाहिजे, हे मी जिथे माइक मिळेल तिथे सांगते, साप-विंचवाची भीती तर आहेच पण महिना महिना ज्याच्या झोपेचं खोबरं झालंय त्याचं डोकं कसं ठिकाणावर राहणार?

असो. दादांना बोलू दिलं. बोंडअळी, सोसायटीचं कर्ज, वर सावकाराचे हातउसने, बहिणीचं लग्न ठरलेलं. बोलता बोलता म्हणाले, "मी नसलो की सुटतील सगळे." तेव्हा मी विचारलं, "दादा, जीव द्यायचा विचार येतोय का?"

नुसती मोटार ऐकू येत होती. मग म्हणाले, "हो ताई. तीन दिवस झाले."

इथे थांबून सांगते, असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. परत सांगते, विचारल्याने विचार शिरत नाही, उलट ओझं हलकं होतं. यावर अभ्यास झालेत. तेव्हा घरातलं कुणी गप्प गप्प झालं असेल तर आडून आडून नको, सरळ विचारा.

दुसरा प्रश्न, जवळ काय आहे? म्हणाले, खोपटात फवारणीचं औषध आहे. म्हटलं, दादा, खोपटाकडे जायचं नाही, फोन चालू ठेवा आणि घराची वाट धरा. तर म्हणतात कसे, "मोटार बंद करतो आधी, पाणी वाया जाईल." मला त्या वाक्याने केवढा धीर आला! जीव नकोसा झालेला माणूस पाण्याची काळजी करतोय, म्हणजे मनात दोन्ही चाललंय, आणि आम्ही त्या दुसऱ्या बाजूला धरून बसतो. मग चपलांचा आवाज, कुत्रं भुंकलं, मध्येच "बॅटरी नऊ टक्के आहे ताई" असंही सांगितलं त्यांनी, मी घरी कोण कोण आहे, बैल कितीचा घेतला, काय वाट्टेल ते विचारत राहिले. शेवटी कडी वाजली. वहिनी उठल्या. मी त्यांना फोनवर थोडक्यात सांगितलं. रडारड नाही, "असं का केलंत" नाही. म्हणाल्या, "थांबा ताई, चहा टाकते." सव्वातीन वाजता मला फोनमधून गॅसच्या लायटरची टकटक आणि खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज आला, आणि मी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

उजाडल्यावर भावाने औषधाचे डबे शेजाऱ्याच्या पेटीत नेऊन ठेवले, किल्ली वहिनींच्या पदराला. मग जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, गोळ्या, आमचे अधूनमधून फोन. कर्ज लगेच फिटलं नाही, पण झोप लागायला लागली.

ती जी टोकाची वेळ असते ना, ती बऱ्याचदा टळते, तेवढ्या वेळात हाताशी काही नको. हाताशी काही नको. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या.

पोलीस केस होईल का, हे पण फार विचारतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 आहे, जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, शिक्षा नाही करायची, सरकारने उपचार द्यायचे. त्यामुळे भीतीने दवाखाना टाळू नका.

त्या दादांकडे किल्ली अजून वहिनींच्याच पदराला असते, फवारणीच्या दिवशी मागून घ्यायची, संध्याकाळी परत द्यायची. आणि नंबर, 14416. लिहिलात ना कॅलेंडरवर? नमस्कार.