आल्तिनोच्या पायऱ्या आणि अडणारा एक

[दृश्य: पणजी, सकाळ. आल्तिनोच्या टेकडीवर जाणाऱ्या पायऱ्या.]

पणजीच्या मळा भागातून आल्तिनोवर चढताना दम असला की माणूस दोन-दोन पायऱ्या घेतो, घाम फुटला की एकेक. मग ४० पायऱ्या चढायच्या तऱ्हा किती? शेवटचं पाऊल एका पायरीचं असेल, नाहीतर दोनचं. म्हणजे ३९ पर्यंतच्या तऱ्हा अधिक ३८ पर्यंतच्या. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, असं छंदांचं गणित मांडताना जैन आचार्य हेमचंद्राने ११५० च्या सुमारास हीच बेरीज लिहून ठेवली होती.

संगणकाला हे जसंच्या तसं सांगितलं, तर प्रोग्राम होतो चार ओळींचा. दिसायला देखणा. ५ ला उत्तर चटकन. ४० ला मात्र लॅपटॉपचा पंखा घुरघुरायला लागतो.

[पडद्यावर: हाकांचं झाड फुटत जातं.]

हाक म्हणजे उत्तरासाठी प्रोग्रामने स्वतःलाच लहान आकड्यावर पुन्हा चालवणं; १ आणि २ ची उत्तरं त्याला थेट माहीत, तिथे तो थांबतो. ५ ने ४ ला हाक मारली आणि ३ लाही. ४ ने पुन्हा ३ ला. मघाशी काढलेला ३ कुणाच्या लक्षातच नाही! पाच पायऱ्यांसाठी, ५ ची स्वतःची धरून, ९ हाका.

या हाकांचंच समीकरण मांडू. 'न'च्या हाका म्हणजे मागच्याच्या, अधिक त्याच्याही मागच्याच्या, अधिक एक. हा एक स्वतःचा. वर्गात पोरं अडतात ती इथेच. दोन्ही बाजूंना आणखी एक मिळवा. उजवीकडे दोन एक जमले, ते दोन पदांना एकेक वाटून टाका. आता 'हाका अधिक एक' हेच आपलं पद, आणि तो अडणारा एक गेला.

उरलं त्याचं उत्तर 'क्ष'चा 'न'वा घात आहे असं धरून चाला. घात छाटले की राहतं क्ष वर्ग बरोबर क्ष अधिक एक. दहावीचं वर्गसमीकरण. मुळं दोन: १.६१८ आणि उणे ०.६१८. दुसऱ्याचे घात विरून जातात, वाढ चालते पहिल्याच्या तालावर. ४० ला हाका २०,४६,६८,३०९. एकच पायरी वाढवा, ३३,११,६०,२८१. भागून बघा.

[दृश्य: दप्तर पाठीवर घेतलेली मुलगी पायऱ्या चढते आहे.]

मागच्या दोन संख्या हाताशी ठेवून खालून वर गेलं, तर ४० पायऱ्यांना ३८ बेरजा पुरतात.