घाणेरी, गाजरगवत आणि पाठीवरचा पंप

नमस्कार श्रोतेहो.

मृगाच्या दोन चांगल्या सरी पडल्या की नागपुरात सेमिनरी हिल्सचा उतार असो, गोरेवाड्याची कड असो, तरोटा, गाजरगवत आणि घाणेरी एकदम माना वर काढतात. घाणेरीला आपल्याकडे रायमुनियाही म्हणतात. तरोट्याची निदान भाजी तरी होते. बाकीच्या दोघींना बघून मात्र पहिली आठवण येते ती फवारणीच्या पंपाची. शेतातलं गणित वेगळं. रानात पंप उचलण्याआधी एवढंच विचारायचं: हे मेल्यावर त्या जागी काय उगवणार?

ग्लायफोसेट हे तणनाशक पानातून शिरतं आणि मुळापर्यंत पोचतं. मातीत पडलेल्या बियांना ते काहीच करत नाही, आणि गाजरगवताचं एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. हे औषध तण आणि गवत असा भेदही करत नाही. गाजरगवताबरोबर पवण्या, मारवेल, कुसळीही जळते, जमीन उघडी पडते आणि पुढच्या सरीला तिथे गाजरगवताचाच गालिचा. मग लोक म्हणतात, औषधात दम नव्हता. दम होता, जागा धरून ठेवणारं गवतच आपण मारलं.

गवत वाचवायचं म्हणून कोणी 2,4-डी हे दुसरं तणनाशक सुचवतात. ते रुंद पानांवरच चालतं हे खरं, पण त्याचा उडालेला अंश शेजारच्या पऱ्हाटीवर गेला तर पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, आखडलेली येतात. तणनाशकाचा पंप नुसता विसळून कपाशीत नेला तरी हेच होतं.

कायद्याचं थोडक्यात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 32 नुसार वन्यजीवांना अपाय होईल अशी रसायनं अभयारण्यात वापरता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. तेव्हा हौसेने पंप घेऊन टेकडीवर जाऊ नका.

घाणेरीला तर पंपाची गरजही नाही. नुसती कोयत्याने छाटली की बुंध्यातून दहा फुटवे येतात, कारण फुटण्याची ताकद खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या गाठीत असते. दिल्ली विद्यापीठाच्या प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या गटाने बसवलेली पद्धत या गाठीवरच घाव घालते. आधी बाजूच्या फांद्या तोडून बुंध्यापर्यंत वाट करा. एकाने झुडूप एका बाजूला ओढून धरायचं. दुसऱ्याने कुदळीने जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर मुख्य मुळावर दोन-तीन घाव घालायचे. मूळ तुटलं की झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. सुलटं पडून राहिलं तर ओल्या मातीला टेकलेल्या फांद्या मुळं धरतात. काळी माती भिजून मऊ असते तेव्हा हे काम हलकं. मे महिन्यात कुदळ नुसती वाजते. फळं काळी होण्याआधी उरका. आणि सगळं रान एका झटक्यात साफ करू नका: त्या जाळीत पक्ष्यांची घरटी असतात, रानडुकरंही असतात. पट्ट्यापट्ट्याने घ्या.

गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. उघड्या कातडीला त्याने खाज आणि पुरळ येते. पानांवर ती पानं खाणारे पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मेक्सिकन भुंगेरे दिसले तर तिथलं गाजरगवत काही दिवस त्यांच्यावरच सोडा.

मग तणनाशक कुठे? सुबाभूळ आणि वेड्या बाभळीच्या खुंटावर, तेही अभयारण्याबाहेर आणि परवान्याच्या माणसाकडून. शहरात झाड तोडायला महापालिकेची परवानगी आधी. पावसाळा सरल्यावर, रस मुळाकडे उतरत असताना, जमिनीपासून वीतभर ठेवून खोड कापायचं. भुसा पुसून, पाच मिनिटांच्या आत, 41 टक्के ग्लायफोसेट निम्म्यास निम्मं पाणी घालून ब्रशने लावायचं. सगळा खुंट माखायची गरज नाही. सालीच्या आतलं ओलं कडं भिजलं की पुरे. चहा पिऊन येऊन लावलं तर कडं सुकलेलं असतं, आणि दोन महिन्यांनी खुंट पुन्हा पालवतो. ब्रशमुळे औषध लागतं तेवढंच जातं, शेजारचं गवत वाचतं.

फवारणी करणारेही चुकतात ते बहुधा पाण्यात. गढूळ पाण्यातली माती ग्लायफोसेटला धरून ठेवते. विहिरीच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही तेच करतं. धुळीने माखलेल्या, उन्हाने सुकलेल्या पानांत औषध शिरत नाही, आणि सहा तासांच्या आत पाऊस आला तर वाहून जातं.

तलावातल्या जलपर्णीवर तर अजिबात नको. ती मरून तळाला कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येऊन मरतात. शिवाय काही ग्लायफोसेट औषधांत मिसळलेलं साबणासारखं द्रव्य बेडकांच्या पिल्लांना घातक असतं. जलपर्णी ओढून काढायची आणि पाण्यापासून दूर, उतार तलावाकडे नसेल अशा जागी रचायची.

उपटलेल्या जागी त्याच आठवड्यात मारवेल आणि पवण्याचं स्थानिक बी फेका. पुढचे दोन-तीन पावसाळे त्या जागेवर फेरी हवीच, तीही आधी मोठ्या झाडांखाली. बुलबुल आणि साळुंक्या घाणेरीची फळं खाऊन तिथेच बसतात; बोटभर उंचीची रोपं तिथेच सापडतील, आणि तेव्हा ती दोन बोटांनी निघतात.